सतरा सेकंदांची पाऊण तासाची गोष्ट

सतरा सेकंद म्हणजे किती वेळ? गॅसवरचं दूध उतू जायला लागेल तेवढा. आमच्या शेजारच्या आजोबांना मात्र सतरा सेकंद सांगायला पाऊण तास लागतो. मध्ये कुणी शंका विचारली तर तास.

मी मूळचा सांगलीचा. पोटापाण्यासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात येऊन पडलो. इथं आयटीतली मराठी माणसं भरपूर, त्यामुळे भाकरीच्या पिठापासून गणपतीच्या मखरापर्यंत काही अडत नाही. घर घेताना शाळा कशा, पाणी कसं, वाळवी लागते का, सगळं विचारून घेतलं. एकच गोष्ट विचारायची राहिली आणि ती कुणी आपणहून सांगितलीही नाही. ती म्हणजे, निळा रंग कुठला?

इथं निळे दोन. डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठाचा गडद निळा आणि चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा आकाशी. दोन्ही गावांत अंतर पंधरा-सोळा किलोमीटरचं, म्हणजे आमच्या सांगली-मिरजेपेक्षा जरासं जास्त. ड्यूकवाले स्वतःला 'निळे सैतान' म्हणवतात आणि कॅरोलायनावाले 'टार हील', म्हणजे शब्दशः डांबरी टाचा. दोन्ही विद्यापीठांत म्हणे कॅन्सरपासून अर्थशास्त्रापर्यंत फार मोठं संशोधन चालतं. चालत असेल. आमच्या गल्लीत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला मी ऐकलेला नाही. गल्लीत बोलतात ते बास्केटबॉल.

नव्या ऑफिसातल्या पहिल्या शुक्रवारी सांगितलं होतं, साधे कपडे घालून या. मी भारताची क्रिकेटची जर्सी घालून गेलो. कॅन्टीनच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थानं मला मिठी मारली. माझे साहेब मात्र दिवसभर माझ्याशी फक्त ईमेलनं बोलले. माझं टेबल त्यांच्या टेबलापासून चार हातांवर होतं. संध्याकाळी उलगडा झाला की माझा आकाशी हा बीसीसीआयचा नसून चॅपेल हिलचा धरला गेला होता. खुलासा करायला गेलो तर त्यांनी विचारलं, "मग तू कुणाचा?" मी म्हटलं, "मुंबई इंडियन्सचा." त्यांनी रंग विचारला. मी खरं ते सांगून टाकलं, निळा. पुढचा प्रश्न अर्थातच 'कुठला' हा होता.

तर आजोबा. वय सत्तरीचं. "मला नावानंच हाक मार" असं त्यांनी दहा वेळा सांगितलं, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करायला जीभ वळत नाही, म्हणून मी 'सर' म्हणतो आणि मनात आजोबा. २ मार्च १९७४ रोजी ते चॅपेल हिलला विद्यार्थी होते. त्या दिवशी ड्यूकचा संघ तिथं खेळायला आला होता. सतरा सेकंद उरले तेव्हा ड्यूक ८६, कॅरोलायना ७८.

इथं आजोबा थांबतात आणि श्रोत्याकडे बघतात. श्रोत्यानं "अरे बापरे" म्हणायचं असतं.

"तेव्हा लांबून टाकला तरी तीन गुणांचा बास्केट नव्हता, लक्षात ठेव." मी लक्षात ठेवतो. दर वेळी. मग टेबलावरचं मीठ ड्यूक होतं, मिरपूड कॅरोलायना, आणि टोपलीच्या जागी माझा चहाचा कप. कॅरोलायनाच्या बॉबी जोन्सचे दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेका, ८०. ड्यूकनं चेंडू आत टाकला, तो हिसकावला, क्यूस्टरनं टोपलीत टाकला, ८२. पुन्हा ड्यूकचा चेंडू, पुन्हा गेला, पुन्हा जोन्स, ८४. मग ड्यूकचा एक मुलगा फ्री थ्रोला उभा राहिला आणि हुकला. तीन सेकंद. प्रशिक्षक डीन स्मिथना टाइम-आउट साठवून ठेवायची सवय होती. आजोबांना ती कथेतही लागली आहे. ऐन तीन सेकंदांवर ते उठून पाणी पिऊन येतात. आल्यावर वॉल्टर डेव्हिस, कोवळं पोर, पहिल्या वर्षाचं, तीस फुटांच्या आसपासच्या अंतरावरून चेंडू भिरकावतो, चेंडू फळीवर आपटतो आणि आत. ८६-८६! ओव्हरटाइममध्ये कॅरोलायना ९६-९२.

ओव्हरटाइम पाच मिनिटांचा होता. तो आजोबा एका वाक्यात संपवतात.

ही कथा मी अकरा वेळा ऐकली आहे. त्यातल्या दोन वेळा तर पायरीवरचं बर्फ फावड्यानं काढता काढता. तक्रार करायला जागा नाही, कारण मी ज्या घरात वाढलो तिथं १८ एप्रिल १९८६ अजून संपलेला नाही. शारजा, शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियांदादचा षटकार. आमचे काका लग्नाच्या पंगतीत द्रोण आणि मठ्ठ्याचा पेला घेऊन तो चेंडू टाकून दाखवायचे. फरक इतकाच की आजोबा जिंकलेली मॅच सांगतात आणि काका हरलेली. आणि खरं सांगायचं तर हरलेली मॅच सांगण्यातली चव जिंकलेलीला नाही. हरलेल्या मॅचमध्ये सांगणाऱ्याला सल्ला द्यायला वाव असतो.

हे मला समोरच्या घरातल्या ड्यूकवाल्यांनी पटवून दिलं. त्यांच्याकडेही जिंकलेला माल आहे. २०१२च्या फेब्रुवारीत, चॅपेल हिलच्याच मैदानावर, दोन मिनिटं उरली असताना दहा गुणांनी मागे, आणि शेवटी ऑस्टिन रिव्हर्सनं मॅच संपता संपता टाकलेला तीन गुणांचा बास्केट, ८५-८४. पण ते हे सहा मिनिटांत उरकतात. त्यांची खरी कला बहरते ती २०२२वर.

त्या वर्षी ड्यूकचे प्रशिक्षक माईक शिशेव्हस्की निवृत्त होणार होते. बेचाळीस हंगाम, पाच अजिंक्यपदं. ५ मार्चला त्यांची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. त्या स्टेडियमात जेमतेम नऊ हजार तीनशे माणसं मावतात आणि या मॅचसाठी मुलं आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. (बालवाडीच्या फॉर्मसाठी पहाटे तीनला रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला याचं फारसं नवल वाटू नये. मला वाटलं नाही.) जुने खेळाडू निरोपाला झाडून आलेले. आणि कॅरोलायनानं ९४-८१नं हरवलं. म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरीकडच्यांनी आहेर परत घेऊन जावं, तसं.

यापुढे काही वाईट होऊ शकत नाही असं समोरच्यांना वाटलं. पण राष्ट्रीय स्पर्धेत दोघंही उपांत्य फेरीत पोचले. इतक्या वर्षांच्या वैरात त्या स्पर्धेत ते एकमेकांसमोर कधीच आले नव्हते. मॅच न्यू ऑर्लिन्सला, तारीख २ एप्रिल २०२२.

आता ही तारीख कॅलेंडरात बघा. गुढीपाडवा.

सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे दारात गुढी उभारली. बायकोनं गुढीला नवी कोरी साडी काढली होती, आकाशी. वर चकचकीत तांब्या. नऊ वाजता समोरचे दारात. गुढीकडे बोट दाखवून म्हणाले, "इतक्या वर्षांच्या शेजाराचं हे फळ?" मी सांगू लागलो की हा ध्वज नाही, म्हणजे ध्वजच आहे, पण विजयाचा... "विजयाचा?" ते म्हणाले. मी जीभ चावली. तेवढ्यात आजोबा बागेतून आले आणि तांब्याकडे बघून हात जोडते झाले. त्यांना तो करंडक वाटला. कडुलिंबाचा पाला कशासाठी हे दोघांनीही विचारलं. मी म्हटलं, "हा हरणाऱ्यासाठी." हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

समेट म्हणून रात्री दोघांना श्रीखंड-पुरीला बोलावलं. मॅच सुरू व्हायलाच नऊ वाजत आले होते. सूर्यास्ताला मी गुढी उतरवली तर समोरचे खिडकीतून टाळ्या वाजवत होते.

मॅचबद्दल काय सांगू? कधी हे पुढे, कधी ते. आजोबा सोफ्याच्या डाव्या टोकाला, समोरचे उजव्या टोकाला, मध्ये आजी आणि श्रीखंडाचं पातेलं. अकराच्या सुमारास, अगदी शेवटचं मिनिट. कॅरोलायना एका गुणानं पुढे. ड्यूकचा धिप्पाड मार्क विल्यम्स दोन फ्री थ्रोंना उभा राहिला. दोन्ही हुकले. समोरच्यांनी उशी तोंडावर दाबून घेतली. आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला.

सांगलीत तेव्हा सकाळचे साडेआठ. व्हिडिओ कॉल, आई. सणाच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन न उचलण्याइतका मी अजून अमेरिकन झालेलो नाही. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो, चहाचं दूध चढवलं.

"गुढी वेळेत उतरवलीस ना रे?"

"हो आई."

"कडुलिंब खाल्लास?"

"हो आई."

"आणि तो कोण ओरडतोय?"

बाहेर जे झालं ते असं: केलेब लव्हनं लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला, ७८-७४. शेवटी ८१-७७. आत जे झालं ते असं: दूध उतू गेलं.

मी बाहेर आलो तेव्हा आजोबा उभे राहून रडत होते आणि समोरचे बसून. एवढ्या वेळात मी चुलीपाशी काय करत होतो याची चौकशी आजींनी केली. मी ओशाळून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय? हा तर चौऱ्याहत्तरला पार्किंगमध्ये होता. आठ गुणांनी मागे म्हटल्यावर गर्दी टाळायला गाडी काढायला गेला. रेडिओवर ऐकलं सगळं."

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. मिठाची आणि मिरपुडीची बाटली टेबलावरच होती. मी ती हळूच आत नेऊन ठेवली.

(दोन दिवसांनी अंतिम सामन्यात कॅरोलायना मध्यंतराला पंधरा गुणांनी पुढे असून कॅन्ससकडून ७२-६९नं हरली. हे आजोबांच्या घरात कुणी काढत नाही. समोरचे रोज काढतात.)

पुढच्या पाडव्याला कोल्हापूरहून नवं आलेलं एक जोडपं जेवायला होतं. आजोबाही होते. बोलता बोलता विषय निघाला, म्हणजे मीच काढला. मीठ इकडे, मिरपूड तिकडे. "तीन गुणांचा बास्केट, लक्षात ठेवा," मी म्हणालो. विल्यम्सचे दोन फ्री थ्रो मी सावकाश हुकवले. जोडप्यातला मुलगा डोळे मोठे करून म्हणाला, "म्हणजे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

मराठीचं अक्षर न कळणाऱ्या आजोबांनी वाटीतून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे मान डोलावली. साक्षीदारानं डोलवावी तशी.

"म्हणजे काय!" मी म्हटलं.

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, दूध बघता का?"

मी जागचा हललो नाही. मॅचचे अजून पंचवीस सेकंद शिल्लक होते.