चांदीचा लेप असलेली लघवीची नळी: दाव्यात तथ्य किती?

‘चांदीचा लेप असलेला कॅथेटर (लघवीची नळी) घातला की जंतू त्याला चिकटतच नाहीत, संसर्ग होत नाही, म्हणून तो कितीही दिवस निर्धास्तपणे ठेवावा’ असा दावा रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये फिरत असतो. विश्वास ठेवावासा वाटेल असा, पण घातक.

चांदी जंतू मारते, हे प्रयोगशाळेत खरेच आहे. मात्र ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत सुमारे ७,००० रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आत लक्षणांसह संसर्ग होण्याचे प्रमाण टेफ्लॉनचा लेप असलेल्या नेहमीच्या नळीत १२.६ टक्के, तर चांदीच्या नळीत १२.५ टक्के आढळले. हे रुग्ण थोड्याच दिवसांसाठी नळी घातलेले होते. म्हणजे लेपाचा लाभ जिथे दिसायला हवा, तिथेच तो दिसला नाही.

जंतू चिकटत नाहीत, हेही पूर्ण खरे नाही. नळीने मूत्राशयाच्या अस्तराला इजा होते, तिथून पाझरणारे फायब्रिनोजेनसारखे प्रथिन नळीवर पसरते आणि एंटेरोकोकस हा जंतू त्या थराला धरून वाढतो. चांदी त्या थराखालीच राहते. प्रोटियस मिराबिलिस हा जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या फॉस्फेटचे खडे साचू लागतात. अशी तुंबलेली नळी उभी चिरून पाहिली, तर टोकाच्या छिद्रांपाशी पांढुरके, खरखरीत कीटण दिसते.

‘कितीही दिवस’ हा सर्वांत वाईट सल्ला. नळी असताना लघवीत जंतू आढळण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, आणि महिनाभरात बहुतेकांच्या लघवीत ते सापडतात. (जंतू सापडले म्हणजे आजार झालाच असे नव्हे, लक्षणे नसताना अँटिबायोटिक सहसा देऊ नये.)

म्हणून पृष्ठभागावरचे संशोधन व्यर्थ आहे, असे मी अजिबात म्हणत नाही. जंतू मारण्याऐवजी प्रथिनालाच बसू न देणारा, सिलिकॉन तेल मुरवलेला सिलिकॉनचा पृष्ठभाग उंदरांवरील प्रयोगांत फायब्रिनोजेन आणि जंतू दोन्ही कमी करताना दिसला आहे, आणि मला ही दिशा अधिक पटते. मात्र माणसांवरील मोठ्या चाचण्यांत तो सिद्ध होईपर्यंत नळी व पिशवीचा जोड उघडू नये, पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकवता लटकवावी, आणि रोज सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारावे: ‘नळी आज काढता येईल का?’