प्रतिक्रियेला उत्तर : सिम्बॉलला पत्ता असतो, डबा नसतो

नमस्कार. लिंकर म्हणजे प्रोग्रामचे सुटे भाग जोडून त्यांना मेमरीत जागा ठरवून देणारा प्रोग्राम, त्याला सूचना देणारी फाइल म्हणजे लिंकर स्क्रिप्ट, आणि तिथे किंमत दिलेलं नाव म्हणजे सिम्बॉल. या स्क्रिप्टमध्ये ठरवलेला स्टॅकचा (फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीसाठी राखलेल्या मेमरीचा) आकार सी मध्ये घेताना नावापुढे ‘&’ (‘पत्ता दे’ सांगणारं चिन्ह) लावावाच लागतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ‘&’ न लावताही तुमचा कोड तीन बोर्डांवर नीट चालतोय, आकडे जुळवायचं काम लिंकरचं, कंपायलरचा त्यात संबंध नाही, आणि एवढं करण्यापेक्षा सरळ मॅक्रो (सी मध्ये आकड्याला दिलेलं नाव) वापरावा. शिवाय माझ्या उदाहरणातल्या टाइपवर तुम्ही बोट ठेवलंत.

टाइपबद्दल तुमचं बरोबर आहे. मी तो सिम्बॉल ३२ बिटांचा अनसाइन्ड इंट म्हणून डिक्लेअर केला होता. अशा टाइपचा पत्ता चारच्या पटीतच असणार, हे कंपायलर गृहीत धरतो. त्यामुळे खालचे दोन बिट तपासणारी ओळ तो परस्पर शून्य करू शकतो, मग स्क्रिप्टमधली किंमत १०२६ का असेना. कॅरॅक्टर अ‍ॅरे हवा होता, त्याच्या पत्त्याला असं बंधन नसतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

तुमचा कोड चालतो तोही अ‍ॅरेमुळेच. तुम्ही दिलेल्या ओळीत नावामागे चौकटी कंस आहेत. अ‍ॅरेचं नुसतं नाव घेतलं तरी हातात पत्ताच येतो. कंस काढून तोच सिम्बॉल साधा पूर्णांक म्हणून डिक्लेअर करून बघा.

स्क्रिप्टमध्ये हेक्स ४०० (म्हणजे १०२४) लिहिलंत, की सिम्बॉल टेबलात त्या नावासमोर सेक्शनच्या (कोड किंवा डेटाच्या गठ्ठ्याच्या) जागी एसएचएन_एबीएस, म्हणजे ‘अ‍ॅब्सोल्यूट’, पडतं आणि एनएम हे सिम्बॉलची यादी दाखवणारं साधन चालवलं की ‘ए’ दिसतो. म्हणजे हा सिम्बॉल कुठल्याच सेक्शनला बांधलेला नाही, सेक्शन हलले तरी तो हलणार नाही. पण हा १०२४ मेमरीत कुठेही साठवलेला नसतो. ‘&’ शिवाय वाचलं की प्रोसेसर पत्ता हेक्स ४०० वरचे चार बाइट उचलतो. एसटीएम३२एफ४ हा मायक्रोकंट्रोलर फ्लॅशमधून (प्रोग्राम साठवलेल्या मेमरीतून) बूट झाला की तीच फ्लॅश शून्य पत्त्यापासूनही दिसते. त्यामुळे हार्ड फॉल्ट (प्रोसेसरने चूक पकडणं) येत नाही, हेक्स ०८०००४०० वरचे तुमच्याच प्रोग्रामचे बाइट ‘स्टॅकचा आकार’ म्हणून मिळतात. मी हे डीबगरमध्ये पाहिलं आहे. आकार कोट्यवधींत, आणि दर बिल्डला वेगळा. दोन संध्याकाळी मी स्टॅक ओव्हरफ्लो (स्टॅक आपल्या जागेबाहेर सांडणं) शोधत बसलो होतो.

आता कंपायलरचा संबंध. तो काम करतो तेव्हा आकडा अजून ठरलेलाच नसतो, त्याच्यासमोर फक्त डिक्लेरेशन असतं. त्यावरून तो धरतो की या नावाची खरीखुरी वस्तू मेमरीत आहे, आणि खऱ्या वस्तूचा पत्ता कधी नल, म्हणजे शून्य, नसतो. समजा हीपचा (प्रोग्राम चालताना मागून घ्यायच्या मेमरीचा) आकार तुम्ही शून्य ठेवलात आणि कोडमध्ये ‘आकार शून्य नसेल तरच हीप तयार कर’ असं लिहिलंत. जीसीसी कंपायलर ती अट नेहमीच खरी मानून काढून टाकतो. इथे अ‍ॅरेनेही सुटका होत नाही. सिम्बॉल वीक (‘कदाचित नसेलही’ असा) डिक्लेअर केला तरच तपासणी टिकते. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचात तर अशा सिम्बॉलच्या किमतीची मर्यादा सांगायला वेगळा मेटाडेटाच (जादा माहितीची नोंद) ठेवला आहे.

डेस्कटॉपवर आणखी एक पेच आहे. उबुंटूमध्ये १६.१० पासून ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर प्रोग्राम मुळातच पीआयई (कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारे) म्हणून बनतात. कोड पत्ता काढतो तो ‘मी आहे तिथून इतकं दूर’ असा. प्रोग्राम दर वेळी नव्या जागी लोड होतो, पण अ‍ॅब्सोल्यूट सिम्बॉल जागचा हलत नाही, मग हे अंतर लिंक करताना ठरवणार कसं? एलएलडी (एलएलव्हीएमचा लिंकर) आणि नवा ग्नू लिंकर अशा ठिकाणी एरर देऊन थांबतात, आणि ते योग्यच आहे.

मॅक्रोची तुमची सूचना मला पटते, पण अर्धी. आकडा फक्त सी मध्ये लागत असेल तर मॅक्रोच बरा. स्टॅकचा आकार मात्र लिंकरलाही लागतो, रॅममध्ये तेवढी जागा उरते का हे तोच तपासतो. तोच आकडा दोन फायलींत ठेवला की कधी ना कधी एकीकडे बदलायचा राहतो. लिनक्स कर्नल आपली लिंकर स्क्रिप्ट आधी सी च्या प्रीप्रोसेसरमधून (मॅक्रोच्या जागी किंमत भरणाऱ्या टप्प्यातून) काढतं, त्यामुळे एकाच हेडरमधला मॅक्रो दोन्हीकडे पोचतो. तुमच्या तीन बोर्डांसाठी मी तेच करीन.