डिस्टिल्ड पाणी म्हणजे ‘सात’ नव्हे

“बफर विकत घेऊ नका. डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ७ असतोच. त्यात प्रोब बुडवा, आकडा ७ वर आणा, झालं कॅलिब्रेशन. तापमानाचं एटीसी बघून घेतं. काम झालं की प्रोब त्याच पाण्यात ठेवा.”

नवं पीएच मीटर (द्रावण किती आम्ल किंवा अल्कली ते मोजणारं यंत्र) घेतलं की हा सल्ला कुणीतरी पाठवतंच. (बफर म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, प्रोब किंवा इलेक्ट्रोड म्हणजे त्यात बुडवायची दांडी, कॅलिब्रेशन म्हणजे मीटरचा आकडा खऱ्या पीएचशी जुळवणं आणि एटीसी म्हणजे मीटरची आपोआप तापमान-भरपाई.) यातलं जेमतेम अर्धं वाक्य खरं आहे. ते कोणतं, ते पुढे येईलच.

आधी ते ‘७ असतोच’ बघू. पुस्तकातलं ७ हे २५ अंश सेल्सिअसच्या, हवा न लागलेल्या शुद्ध पाण्याचं. झाकण उघडलं की पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच घसरत ५.६ च्या आसपास येतो. त्यालाच ७ ठरवलंत तर पुढचा प्रत्येक आकडा साधारण १.४ ने जास्त येणार. शिवाय या पाण्यात आयन जवळजवळ नसतात, त्यामुळे आकडा स्थिरच होत नाही, नुसता तरंगत राहतो. बफर चिमूटभर आम्लाने ढळत नाही. पैसे मोजायचे ते त्यासाठीच.

बरं, पाण्याऐवजी खरा ७ चा बफर घेतला तर ‘झालं’ का? नाही. खरी गोम इथेच आहे. ७ वर चांगला इलेक्ट्रोड जवळपास ० मिलिव्होल्ट देतो. तिथे फक्त ऑफसेट, म्हणजे शून्यापासूनचा फरक, कळतो. इलेक्ट्रोड म्हातारा झालाय का, हे कळतं स्लोपवरून, म्हणजे एका पीएचमागे मिलिव्होल्ट किती बदलतात त्यावरून, आणि स्लोपला दुसरा बिंदू लागतो. २५ अंशाला आदर्श स्लोप दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट. समजा तुमचा प्रोब ५० च देतोय. पीएच ४ च्या द्रावणात तो १५० मिलिव्होल्ट देईल, आणि मीटर आदर्श स्लोप धरून ४.४६ दाखवेल. ७ वर मात्र तोच प्रोब अगदी शहाण्यासारखा वागेल! म्हणून ७ सोबत ४.०१ किंवा १०.०१ घ्या, मोजायचं द्रावण दोघांच्या मध्ये पडलं पाहिजे. (१० चा बफरही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतो. वापरलेला बाटलीत परत ओतू नका.)

सुट्या सेन्सर बोर्डांसाठी आणखी एक युक्ती फिरते: बीएनसी (प्रोब जोडायचं सॉकेट) शॉर्ट करा, ट्रिमर (बोर्डावरचा जुळवणीचा स्क्रू) फिरवून २.५ व्होल्ट आणा, झालं. त्याने अँप्लिफायरचा मध्य जुळतो. प्रोब तर तेव्हा जोडलेलाही नसतो.

आता ते अर्धं खरं वाक्य. एटीसी इलेक्ट्रोडचा स्लोप तापमानाप्रमाणे बदलून घेतं, हे बरोबर. ३५ अंशाला स्लोप ६१.१ होतो, भरपाई नसेल तर पीएच ४ च्या जागी ३.९ दिसेल. पण द्रावणाचा स्वतःचा पीएचही तापमानाने बदलतो, त्याला एटीसी हात लावत नाही. बफरच्या बाटलीवर तापमानाचा तक्ता असतो तो याचसाठी.

राहिलं प्रोब ठेवण्याचं. डिस्टिल्ड पाणी धुण्यापुरतं उत्तम. त्यात मुक्काम ठेवला तर रेफरन्समधले (प्रोबच्या आतल्या तुलनेच्या इलेक्ट्रोडमधले) क्षार झिरपून जातात आणि प्रोब मंदावतो. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. आधीच पाण्यात राहिला असेल तर रात्रभर या क्लोराइडमध्ये भिजवा आणि सकाळी दोन बफरांत स्लोप काढा. साफ करूनही स्लोप आदर्शाच्या ८५ टक्क्यांच्या वर येत नसेल, तर प्रोब बदला.