इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या काकांना उत्तर: कन्हैया का लाजला?

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चार दिवस तशीच ठेवली होती. राग आला म्हणून नव्हे. त्यातला एक मुद्दा बरोबर होता आणि तो गिळायला मला वेळ लागला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 'ब्रह्मचारी' सिनेमाच्या नायिका मीनाक्षी शिरोडकर यांच्यावरच्या माझ्या लेखावर काकांचं म्हणणं असं: पोहण्याचा पोशाख घालून एक गाणं म्हटलं, त्याला वारसा म्हणायचं तर मग कमलाबाई गोखल्यांनी आणि दुर्गा खोट्यांनी जे केलं त्याला काय म्हणायचं? शिवाय तो पोशाख बाईंनी आपल्या मनानं घातलेला नाही. अत्र्यांनी लिहिलं, दिग्दर्शक मास्टर विनायकांनी घालायला लावला. आणि इंदूरच्या मराठी घरांत असले सिनेमे कुणी बघत नव्हतं.

आधी माझी चूक. 'पडद्यावर इतक्या कमी कपड्यांत आलेली पहिली' असं मी ठोकून दिलं होतं, ते काढून टाकलंय. मूकपटात सीतादेवी होत्या, १९३३ च्या 'कर्मा'त देविकाराणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन होतं. पहिलेपणाच्या शर्यती लावायचा मोह आम्हा लिहिणाऱ्यांना फार. पण सीतादेवी म्हणजे मूळच्या रेने स्मिथ, अँग्लो-इंडियन. 'त्यांच्यात चालतं' म्हणून लोकांना हात झटकता येत होते. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'तली किशोरी तशी झटकता येईना. ती खलनायिका नाही, नायिका आहे. आपल्या वाड्यात शोभेल असं मराठी बोलते. आणि तिचं काम करणारी बाई मूळची रतन पेडणेकर, लग्न होऊन शिरोडकर झालेली, गळ्यात गाणं असलेली. 'यमुनाजळी खेळू खेळ' दादा चांदेकरांच्या चालीवर तिनं स्वतः गायलंय.

कमलाबाईंना मात्र या भांडणात ओढू नका हो. १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके. त्याच साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. नखशिखांत नेसलेल्या होत्या दोघी, तरी बोलणारे बोललेच. रंगभूमीवर त्यानंतरही कितीतरी वर्षं बाईनं कसं दिसावं, कसा पदर घ्यावा, हे बायका बालगंधर्वांकडे बघून शिकत होत्या. 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या, ते साल १९३३. म्हणजे 'ब्रह्मचारी'च्या आधी जेमतेम पाच वर्षं! ज्यांना साडीतली बाईसुद्धा स्टेजवर नको होती, त्यांना पोहण्याचा पोशाख खुपला, यात नवल ते काय?

आता तुमचा मुख्य मुद्दा. पोशाख अत्रे-विनायकांचा, बाईंचा नव्हे. मान्य करू घटकाभर. पण मग थिल्लरपणाचा ठपका बाईंवर का? त्या सिनेमाची गोष्ट आठवा. नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार व्याख्यान ऐकतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, जोर-बैठका काढायला लागतो, आश्रमात दाखल होतो. मग किशोरी येते, आणि त्याचं व्रत डळमळतं. प्रेक्षक हसतात ते औदुंबराला. व्याख्यान देऊन देह विसरता येतो असं मानणाऱ्या सगळ्यांना हसतात. त्या विनोदाचं श्रेय अत्र्यांना मिळालं, धाडसी दिग्दर्शनाचं विनायकांना मिळालं, कोल्हापूरच्या 'हंस पिक्चर्स'ला गल्ला मिळाला. मीनाक्षीबाईंच्या वाट्याला काय आलं? 'ती पोहण्याच्या पोशाखातली'. तुम्हीही तेच करताय, काका. हुशारी पुरुषांची, लाज बाईची. कागदावर लिहिणारा कागद फाडू शकतो. कॅमेऱ्यापुढे उघड्या दंडांनी उभी राहिलेली बाई मग घरी जाते, बाजारात जाते, हळदीकुंकवाला जाते.

(नम्रता आणि शिल्पा शिरोडकर त्यांच्या नाती, हे तुम्ही 'म्हणूनच' म्हणत जोडलंय. त्या 'म्हणूनच'वर मी काही बोलत नाही.)

वारसा म्हणाल तर मला तो पोशाखात दिसतच नाही. तो किशोरीच्या तोऱ्यात आहे. अत्र्यांनी पुढे याच कथेचं नाटक केलं आणि ऐंशीच्या दशकात प्रशांत दामले आणि वर्षा उसगावकर यांनी ते पुन्हा गाजवलं. पुरुषाला खेळायला बोलावणारी, त्याच्या घाबरण्याची गंमत वाटणारी आणि तरीही शेवटी नायिकाच राहणारी मुलगी मराठी नाटकांत आता इतकी रुळलीय की इंदूरच्या 'सानंद' संस्थेच्या प्रयोगाला आपण तिला बघून दचकत नाही. १९३८ साली दचकणं भाग होतं. गाण्याचे शब्दच बघा. यमुनेच्या काठी लाजायच्या त्या गोपी, ही आपली पिढीजात रीत. इथे गोपी पाण्याकडे बोलावतेय आणि विचारतेय, कन्हैया का लाजता?

यावरून तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, इंदूरच्या मराठी घरांत कुणी बघत नव्हतं म्हणून. माझ्या आजीचं माहेर कोल्हापूरचं. बेचाळीस साली लग्न होऊन ती इंदूरच्या रामबागेत आली. आजोबा होळकर संस्थानात नोकरीला, सिनेमा म्हणजे थिल्लर हे त्यांचं ठाम मत. आजी पोळ्या लाटताना हे गाणं म्हणायची. यमुना आहे, कन्हैया आहे, गौळणच ती. सासूबाईंनी एकदा आत्याबाईंना कौतुकानं सांगितलंही, की सून देवाचं छान म्हणते. आजी लाटण्यावर ठेका धरायची आणि 'का लाजता'शी आल्यावर आवाज मुद्दाम बारीक करायची, बाहेर जाऊ नये म्हणून.

एकदा ती तिथे थांबली, तव्यावरची पोळी उलटायला. बाहेर दिवाणखान्यात आजोबा पेपर वाचत बसले होते. पेपर तसाच समोर धरून त्यांनी पुढची ओळ म्हटली, अगदी चालीत.

ती पोळी करपली, एवढं आजीनं मला सांगितलं होतं.