ट्रेनिंगचं टेन्शन घेऊ नका शेठ!

वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत माती काढायचा ठेका लागला म्हणे, अभिनंदन! आता कुणीतरी येऊन १९६६ सालचे व्होकेशनल ट्रेनिंगचे नियम दाखवेल, तर घाबरायचं नाही. त्यात लिहिलंय की माणसाला कामावर लावायच्या आधी शिकवा, आणि दर पाच वर्षांनी परत रिफ्रेशर द्या. एवढ्या दिवसात किती डंपर माती निघाली असती, याचा हिशोब नियम करणाऱ्याने काही केलेला दिसत नाही, तो तुम्ही करा.

पोराला आजच्याच नाईट शिफ्टला डंपरवर बसवा, व्हीटीसीचा (म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरचा) कागद मागून येतोच. ट्रेनिंगच्या हजेऱ्या सगळ्या एका बैठकीत घ्या, फक्त मधे एकदा पेन बदला म्हणजे खरं वाटतं. १०० टनी डंपरच्या केबिनमधून अगदी पुढ्यात उभी असलेली बोलेरो दिसत नाही हे शिकवायला वर्ग कशाला पाहिजे, बोलेरोवाल्याला कळेलच की. बेंचच्या, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीच्या, कडेला मातीचा बांध घालायचा असतो म्हणतात, पण आपण माती काढायचे पैसे घेतो, रचायचे नाही!

मेडिकलचंही तेच. छातीचा एक्सरे पाच वर्षांनी, आणि तुमच्याकडे पाच वर्षं टिकतंय कोण? ठेका संपला की पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे, आणि फुफ्फुसातली धूळपण त्याच्यासोबत तिकडेच.

एखादा म्हातारा ओव्हरमन (खाणीतला देखरेख करणारा) मधेच धनबादजवळच्या चासनालाचं काढेल, २७ डिसेंबर १९७५, खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली वगैरे. त्याला चहा पाजा आणि सांगा काका, ते जमिनीखालचं होतं, आपलं ओपनकास्ट, म्हणजे उघडी खाण, वरून छान ऊन येतं. नागपूरहून डीजीएमएसचे (खाण सुरक्षा महासंचालनालयाचे) साहेब यायच्या दिवशी मात्र हेल्मेटं नवीन काढा (स्टिकर काढायला विसरू नका, मागे एकाचं तेच राहिलेलं, फोटोत किंमत दिसत होती).

आणि समजा झालाच काही अपघात, तर तपासणी होईपर्यंत जागा हलवायची नाही असा कायदा आहे, तो पाळा बरं का. जागा बिलकुल हलवू नका, रजिस्टर हलवा. गेलेल्याच्या नावापुढे ट्रेनिंगची तारीख टाका आणि चौकशीत सांगा, सगळं शिकवलं होतं साहेब, पोरगाच निष्काळजी निघाला. सही तर त्याचीच आहे, भरतीच्या दिवशी कोऱ्या पानावर घेतलेली.