दुपारी ३ वाजता बाग रिकामी असते, मग?

पालिका आमच्याकडची बाग विकायला निघालीय म्हणून मी मागे एक पोस्ट लिहिली होती, तिच्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आलीय. नाव लिहिलेलं नाही, खाली फक्त "एक करदाता". ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पालिकेकडे पैसा नाही, बागेची जमीन विकली तर रस्त्यांची आणि पाण्याच्या लाइनींची कामं होतील, घेणारे तिथे हॉस्पिटल बांधणार म्हणजे लोकांचंच भलं, बदल्यात शहराच्या कडेला याहून मोठी बाग मिळेल, आणि मी उगाच मध्ये पडतेय. आणि शेवटी, "ताई, इमोशनल होऊन शहर चालत नाही. दुपारी तीनला जाऊन बघा, चिटपाखरू नसतं तिथे, मग ठेवायची कोणासाठी?"

आधी ह्या "ताई, इमोशनल"बद्दल बोलू. मला ताई म्हणायला काहीच हरकत नाही, पण तुम्ही ते मला गप्प बसवायला म्हटलंय हे कळतं हो. हीच पोस्ट एखाद्या पुरुषाने लिहिली असती तर तुम्ही त्याला "दादा, इमोशनल होऊ नका" म्हणाला असतात का? बहुतेक "आपला अभ्यास चांगला आहे पण" अशी सुरुवात केली असतीत. मी ह्या प्रस्तावाची कागदपत्रं मागवायला पालिकेत चार खेपा घातल्यात, एकदा तर साहेब जेवायला गेलेत म्हणून दीड तास जिन्यात उभी होते, आणि ते नकाशे घरी जमिनीवर पसरून, पट्टी लावून बघितलेत. तुम्ही एकदा तरी गेलात का? करदाते आम्हीही आहोत, सही करताना तसं लिहीत नाही एवढंच.

तुमचं एक मात्र बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. मी "बाग विकतायत" असं लिहिलं होतं. प्रस्ताव पूर्ण बागेचा नाही, मागच्या अर्ध्या भागाचा आहे, आणि सभेत अजून मंजूर झालेला नाही. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय, चूक दाखवलीत त्याबद्दल आभार.

आता ते तीन वाजताचं वाक्य. खरं सांगते, बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, पण ह्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही.

माझ्या बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली. घरी आणल्यावर फिजिओथेरपिस्ट म्हणाले, रोज चालवा, सपाट जागेवर, आणि गर्दी नसेल अशा वेळी. गर्दी नसेल अशा वेळी, हे लक्षात घ्या. संध्याकाळी बागेत पोरं पळत असतात, बॉल येतो, कुणाचा तरी धक्का लागतो, आणि अर्ध्या अंगाने उभा असलेला माणूस तेवढ्यानेसुद्धा पडतो. म्हणून आम्ही जायचो दुपारी, तीनच्या सुमाराला, जेव्हा तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे चिटपाखरू नसतं. आणि जायचो मागच्या भागात, कारण तिथे पायवाटेच्या कडेने लोखंडी पाइपचा कठडा आहे. त्या कठड्याला हिरवा रंग आहे, पण वरच्या पाइपवर, बरोबर हाताच्या उंचीला, रंग पार उडालाय आणि लोखंड गुळगुळीत झालंय. तो एकट्या माझ्या बाबांच्या हाताने उडालेला नाही. किती जणांनी तो पाइप धरून पावलं टाकली असतील ह्याचा विचार करा एकदा, आणि मग सांगा तिथे कोणी नसतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही एक बाक गाठायचो. कठड्यापासून पहिल्या बाकापर्यंत, बस, तेवढंच, आणि मी घामाने भिजलेली असायचे. नंतर दोन बाक, आणि मग तिसरा. तिसऱ्यापाशी बसलं की बाबा उजव्या पायातली चप्पल मला काढायला लावायचे आणि पाऊल मातीवर टेकवायचे, झाडाखालची माती, ओलसर. मी रोज विचारायचे, गार लागतंय का? ते मान हलवायचे, नाही. एक दिवस विचारलं तर काहीच बोलले नाहीत, नुसते मातीकडे बघत राहिले, मग म्हणाले, लागतंय थोडं. हे घरात झालं नसतं, आमच्या घरात सलग आठ पावलं टाकायला जागा नव्हती.

त्या दुपारी आम्ही एकटे नसायचो. रात्रपाळी करून आलेला एक माणूस बाकावर डोळ्यांवर रुमाल टाकून झोपायचा. एक मुलगी परीक्षेचं पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने पाठ करायची, घरी दोन खोल्यांत सहा माणसं म्हणून. आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाया व्हीलचेअर ढकलत यायच्या. ह्यातलं कोणी गर्दी करत नाही, दंगा करत नाही, म्हणून बाहेरच्या रस्त्यावरून गाडीने जाताना ती माणसं दिसत नाहीत. अग्निशमन दलाची गाडीसुद्धा बराच वेळ नुसती उभी असते, ती विकायचा प्रस्ताव कोणी आणत नाही.

आणि मुळात रिकामी असणं हेच बागेचं काम आहे. शिकागोच्या तळ्याकाठच्या जागेवर १८३६ च्या नकाशातच लिहून ठेवलं होतं की ही सार्वजनिक जमीन कायम मोकळी, इमारतींशिवाय राहील. पुढे तिथे इमारती यायला लागल्या तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८९० पासून जवळजवळ वीस वर्षं कोर्टात झगडून ती जागा मोकळी ठेवायला लावली, आणि १९११ मध्ये म्युझियमसारख्या चांगल्या कामाच्या इमारतीलासुद्धा कोर्टाने तिथे जागा दिली नाही. ते म्युझियम शेवटी बागेच्या दक्षिणेला झालं. लोकांचं काही बिघडलं नाही, म्युझियमही झालं आणि ती मोकळी जागा, म्हणजे ग्रँट पार्क, तीही राहिली.

हॉस्पिटलबद्दल. "लोकांचंच भलं" हा मुद्दा नवीन नाही, बंगळुरूमध्ये तो होऊन गेलाय. तिथे वस्तीच्या आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा खाजगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी दिली होती, रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बागेची जागा अशी देता येणार नाही, हॉस्पिटल कितीही गरजेचं असलं तरी. रहिवाशांना ह्यात बोलायचा अधिकार आहे हेही त्याच निकालात आहे, म्हणजे मी "उगाच मध्ये पडतेय" हा तुमचा टोमणासुद्धा तिथेच निकाली निघतो. लखनौला झंडेवाला पार्कखाली महापालिकेने बिल्डरला शॉपिंग सेंटर बांधू दिलं होतं, १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने बांधलेलं पाडून बाग पुन्हा होती तशी करायला लावली. हे मी इमोशनल होऊन नाही, निकाल वाचून लिहितेय.

रस्ते आणि पाण्याचं म्हणाल तर रस्ते दर काही वर्षांनी पुन्हा करावे लागतात, जमीन एकदाच विकता येते, पुढच्या खेपेला काय विकणार? ह्यावर जास्त लिहीत नाही. शहराच्या कडेच्या मोठ्या बागेबद्दल तर अजिबातच नाही, माझ्या बाबांना तीन बाक गाठायला दोन महिने लागले होते.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, ती खाली तशीच आहे, तुमच्या त्या शेवटच्या ओळीसकट. पण पुन्हा लिहिणार असाल तर नाव लिहा, मी माझं लिहिते. आणि मागच्या भागाबद्दलची तुमची दुरुस्ती मी माझ्या हरकतीच्या अर्जातही घेतलीय, "संपूर्ण बाग" खोडून "कठड्याकडचा मागील भाग" असं केलंय. अर्ज काल जमा झाला, पोच माझ्याकडे आहे.