खापराला पत्ता हवा

कोल्हापूर किती जुनं, हा वाद अधूनमधून पेटतो. पुरावा म्हणून एखादा श्लोक येतो, शिलालेख येतो, टाऊन हॉलच्या संग्रहालयातला पोसायडन (समुद्रदेवाची मूर्ती) हमखास येतो आणि हल्ली डीएनएसुद्धा. खापर मात्र कुणी आणत नाही. मराठीत त्याचा उपयोग दुसऱ्याच्या डोक्यावर फोडण्यापुरताच उरलाय. ब्रिटनमधून हा वाद वाचताना तेच खटकतं, कारण इथल्या नवाश्मयुगाबद्दल (शेती आली होती, पण हत्यारं दगडाचीच होती, तो काळ) जे ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंचसं फुटक्या मडक्यांनी आणि त्यांच्या काळात पुरलेल्या माणसांनी सांगितलेलं आहे.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. खाली सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, वरच्या थरांत बहामनी काळ. लोकांच्या लक्षात राहिला तो ब्राँझचा रोमन पोसायडन. पण रोमची वस्तू कोल्हापूरपर्यंत आली, एवढंच तो सांगतो. वस्ती कधी सुरू झाली आणि कधी बदलली, हे थराथरातली खापरं, नाणी आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे सांगतात.

त्याआधी काय होतं? पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तीच कृष्णा पुढे जाते त्या कर्नाटकातल्या शोरापूर आणि रायचूर दुआबात (दोन नद्यांमधल्या पट्ट्यांत) बुदिहाळ, पिकलिहाळ, वटगल अशी नवाश्मयुगीन ठिकाणं आहेत, ढोबळमानानं इ.स.पू. ३००० ते १२००. उत्तरेला घोड नदीवर इनामगाव, संगमनेरजवळ जोर्वे, प्रवरेवर नेवासे आणि दायमाबाद. तिथे तांबं आलेलं होतं, म्हणून त्या काळाला ताम्रपाषाण म्हणतात. कोल्हापूर या दोन जगांच्या मधे पडतं. पण मधे आहे म्हणून कोल्हापुरातही तेव्हा वस्ती असणारच, हा झाला तर्क. आणि शेतात एखादी घासलेली दगडी कुऱ्हाड सापडली म्हणून ‘नवाश्मयुगीन कोल्हापूर’ असा मथळा द्यायचा, तर तो पहिल्याच शब्दात अडखळतो: अशा कुऱ्हाडी तांबं आल्यावरही वापरात होत्या.

खापर इथे जास्त कामाचं. दक्षिणेकडचं नवाश्मयुगीन भांडं बहुधा राखाडी, हातानं घडवलेलं, दगडानं घासून चकाकवलेलं असतं. कधी भाजून झाल्यावर त्यावर गेरूचे पट्टे ओढलेले असतात. जोर्वे पद्धतीचं भांडं तांबडं, चाकावरचं, काळ्या रेषांच्या नक्षीचं; नीट भाजलेलं, वाजवलं तर खणखणीत. तोटीचं पात्र आणि पोटाशी कंगोरा असलेला वाडगा ही त्याची ओळख. पण त्याच जोर्वे गावांत साठवणीचे आणि पुरण्याचे रांजण हातानंच घडवलेले, जाडेभरडे असायचे. ‘हातानं घडवलंय म्हणजे जुनं’ हा ठोकताळा इथेच आपटतो. एकाच घरात, एकाच दिवशी, दोन्ही पद्धती नांदत होत्या.

खापर वाचायचं ते ताज्या तुटलेल्या कडेवर, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली. वाळू मिसळलीय, भुसा जळून पोकळ्या राहिल्यात, की जुन्या खापरांचा चुरा घातलाय, ते तिथे दिसतं. कडा तांबड्या आणि मधला गाभा काळा असेल तर भट्टीत हवा किंवा वेळ कमी पडला. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं केलं असेल तर ते बऱ्याचदा त्या सांध्यांवरच आडवं तुटतं. मग काठ, तळ आणि अंग असे ढीग करायचे, आणि मोजायचंही, वजनही करायचं. नुसते तुकडे मोजले तर पातळ वाडगी जास्त दिसतात, कारण त्यांचा चुरा होतो. नुसतं वजन केलं तर एक रांजण सगळ्यांना गिळतो. जुन्या खोदकामांत नक्षीचे आणि काठाचे तुकडे ठेवून बाकीचे फेकून देत. त्या अहवालांवरून कुठलं भांडं किती प्रमाणात होतं, हे आज काढताच येत नाही.

लंडनच्या शोरडिच भागात एका मोठ्या इमारतीच्या पायाच्या जागी ४३६ तुकडे निघाले, वजन साधारण साडेसहा किलो, किमान २४ भांड्यांचे. नक्षी नाही, सोनं नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटानं मडक्याच्या मातीत मुरलेल्या चरबीचंच रेडिओकार्बन वय (म्हणजे त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून निघणारं वय) काढलं. ते सुमारे ५६०० वर्षं भरलं. २०२० साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. त्या खापरांत दुधाचे आणि मांसाचे अंश मिळाले. (तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं पातेलं मातीचं असतं तर आपलीही नोंद पाच हजार वर्षं टिकली असती. स्टीलनं घात केला.)

हे काम आपल्याकडे करायचं तर प्रयोगशाळेच्या आधी खड्ड्यातली शिस्त हवी. चरबी तपासायचं खापर धुवायचं नाही, उघड्या हातानं धरायचं नाही, कारण आपल्या त्वचेचं तेल त्यात उतरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर टाकायचंच नाही. प्लॅस्टिक मऊ ठेवणारी रसायनं मातीत शिरतात आणि यंत्रावर तीच दिसतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचं. शेजारच्या मातीचाही नमुना घ्यायचा, म्हणजे बाहेरून काय आलं ते वजा करता येतं. लागतं फार थोडं, साधारण दोन ग्रॅम: वरचा थर खरवडून उरलेल्याची पूड करतात. ग्रॅममागे पाच मायक्रोग्रॅमहून कमी चरबी निघाली तर निष्कर्ष काढत नाहीत. तुकडा निवडताना काठाजवळचा घ्यावा. रटरट उकळणाऱ्या भांड्यात चरबी वर तरंगते आणि तिथेच मुरते. उष्ण हवेत ती टिकते कमी, म्हणून आपल्याकडे बरेच नमुने कोरे जाणार, हे धरूनच संख्या ठरवावी लागते.

आता पुरलेली माणसं. इनामगावात १९६८ पासून डझनभर हंगाम खोदकाम झालं आणि अडीचशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली आडवी पुरलेली. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, आणि पावलं घोट्याखालून तोडलेली. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असं समजतात. तो अंदाज आहे, तोडलेली हाडं हा पुरावा. एक जण वेगळा: पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला, पावलं शाबूत.

कोल्हापूरच्या वाचकाला इथे एक मोह होतो. लिंगायत समाजात बसवून दफन करतात, लहान मूल दगावलं तर आपण जाळत नाही, पुरतो. चितेभोवती फिरून मडकं फोडतो. लगेच तीन हजार वर्षांची सलग रेघ ओढावीशी वाटते. ओढू नये. बसवून पुरण्याचे प्रकार जगात ठिकठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना सापडतात. रेघ ओढायची तर मधल्या प्रत्येक शतकातलं दफन दाखवावं लागेल, आणि मधली शतकं कोरी आहेत.

दफन उघडताना खुरपं, लोखंडी हत्यार बाजूला ठेवतात, बांबूच्या काड्या आणि मऊ ब्रश घेतात. रांजण आतल्या मातीसकट अखंड उचलायचा आणि आतली सगळी माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. बाळाच्या दाताचे कोंब तांदळाच्या दाण्याएवढे असतात आणि वय त्यांवरूनच ठरतं. हाडं उन्हात वाळवली की तडकतात, सावलीत हळूहळू वाळवावीत. जुन्या काळी हाड सुटू नये म्हणून त्यावर गोंदाचं पाणी सोडत. त्यानं हाड वाचतं आणि रेडिओकार्बन तपासणी बिघडते. काळ्या मातीची आणखी एक खोड: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगेतून वरचं खापर खालच्या थरात जाऊन बसतं. एकाच तुकड्यावर वस्तीचं वय ठरवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

डीएनएबद्दलची अपेक्षा तर फारच फुगली आहे. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या २०१९ च्या शोधनिबंधासाठी साठहून अधिक नमुने तपासले, वाचता आला तो एका स्त्रीचा. इकडे ग्लॉस्टरशरमधल्या हेझलटन नॉर्थच्या थडग्यातल्या ३५ जणांचा डीएनए मिळाला, त्यातले २७ एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्यांतले, एक पुरुष आणि चार स्त्रियांपासून वाढलेले. फरक हुशारीचा नाही, थंडीचा आहे. आणि पेटीचा. हेझलटन १९७९ ते १९८२ मध्ये खोदलं गेलं. हाडं चाळीस वर्षं नीट ठेवली, म्हणून २०२१ मध्ये नवी पद्धत त्यांना लावता आली.

‘तिकडे बघा’ म्हणणाऱ्यांनी तिकडचे घोळही बघावेत. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात जवळच्या विंडमिल हिल या टेकडीवर सापडलेला नवाश्मयुगीन लहान मुलाचा सांगाडा आहे. तो आमच्या पूर्वजाचा, परत पुरा, अशी मागणी इथल्या ड्रुइड (प्राचीन निसर्गपूजक पंथाचा वारसा सांगणाऱ्या) मंडळींनी केली. त्यावर लोकांची मतं मागवली गेली आणि २०१० मध्ये सांगाडा संग्रहालयातच ठेवायचा निर्णय झाला. २००८ मध्ये सरकारनं उत्खननातली हाडं ठरावीक मुदतीत परत पुरण्याची अट घातली होती. अभ्यासकांनी ओरड केल्यावर ती सैल झाली. ‘पूर्वज कुणाचे’ ही मारामारी फक्त आपलीच नाही.

खरा फरक पैशाच्या वाटेत आहे. १९९० साली इंग्लंडमध्ये नियोजनाचं नवं धोरण आलं: बांधकामाची परवानगी देताना जमिनीखालचे अवशेष विचारात घ्यायचे, आणि ते नष्ट होणार असतील तर आधी नोंदवण्याचा खर्च बांधणाऱ्यानं करायचा. शोरडिचची ती खापरं याच वाटेनं आली. आपल्याकडे स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरात बांधकामाला बंदी आहे, त्यापुढे २०० मीटरात निर्बंध. पण यादीत नसलेल्या टेकाडाला हे कवच नाही. १८७८ चा निखात निधीचा (पुरलेल्या ठेव्याचा) कायदा म्हणतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. खापराची किंमत दहा रुपये कोण लावणार?

आणि टेकाडं जातायत ती तस्करांच्या हातानं नव्हे. गावाची काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. ओसाड पडलेली पांढर राखेनं, शेणानं, हाडांनी कसदार झालेली असते, म्हणून ती ट्रॉलीनं रानात जाते. उसासाठी सपाटीकरण होतं, वीटभट्टीला माती लागते. जेसीबीच्या एका दिवसात जेवढे ब्रास उचलले जातात, तेवढं पुरातत्त्वाच्या एका हंगामात खोदून होत नाही. शेतकरी कळवत नाही, कारण सरकार जमीन घेईल ही धास्ती. ती दूर न करता ‘वारसा जपा’ असे फलक लावणं फुकट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची योजना चालते. पंधरा लाखांहून जास्त नोंदी झाल्या. वस्तू पाहून, जागा नकाशावर टिपून, बहुतेक वेळा ती सापडणाऱ्याला परत देतात. जिल्ह्याला अशा नोंदी करणारा एक माणूस, एवढी सुरुवात मला संग्रहालयाच्या नव्या इमारतीपेक्षा मोलाची वाटते. इंग्लंडकडून उचलू नये असंही काही आहे: कंत्राटी उत्खननांचे अहवाल कुणी वाचत नाही आणि पेट्या ठेवायला संग्रहालयांत जागा नाही.

पांढरीची माती रानात गेल्यामुळे होणारी एक फसगत इथेच सांगायला हवी. नांगरटीत दिसलेलं प्रत्येक खापर म्हणजे खाली वस्ती, असं नसतं. खताबरोबर आलेले तुकडे लहान, कडा गोल झिजलेले आणि विरळ असतात. खाली खरोखर वस्ती असेल तर तुकडे मोठे, कडा धारदार, आणि दाटी एका जागी. दहा मीटरच्या चौकोनात किती मिळाले ते लिहिलं तरी निम्मं काम झालं. गट नंबर, फोनवरचं अक्षांश-रेखांश, तारीख, खोली. चिठ्ठी पेनानं नव्हे, पेन्सिलनं, कारण शाई दमटपणात पसरते. आणि गोणपाटात ठेवू नका: उंदीर आधी चिठ्ठी खातात, आणि चिठ्ठी गेली की खापर बिनपत्त्याचं.

एक गोष्ट कोल्हापूरकडे आहे, जी इथे सहज मिळत नाही. इथल्या अभ्यासकाला जुनी भट्टी कशी चालायची ते प्रयोग करून शोधावं लागतं. आपल्याकडे कुंभार गल्लीत जाऊन विचारता येतं. मातीत लीद आणि राख किती मिसळायची, गाळाची माती किती दिवस मुरू द्यायची, भट्टी कुठल्या वाऱ्याला फसते, हे चाकावर बसणाऱ्याला ठाऊक असतं. त्याला आधी एवढंच मागावं: एक मोठा माठ आणि एक लहान बोळकं. दोन्ही तोलायचे, एकाच उंचीवरून टाकायचे, मग काठाचे, अंगाचे, तळाचे तुकडे मोजून परत तोलायचे. किती तुकड्यांना एक भांडं धरायचं, याचा आपल्या मातीचा तक्ता असाच सुरू होतो. भट्टीत तडकलेला माठही चालेल. तो बहुधा पैसे न घेताच देईल.